विश्लेषण : सर्किट बोर्डाच्या नियमांमागचे ऑलिव्हर हेविसाइड कोण होते?

मोबाइलमधल्या बोर्डावर तांब्याच्या रेषा नीट आखल्या आहेत की नाही, हे आज सॉफ्टवेअर तपासते. त्यामागचे बरेचसे गणित मांडले ते सोळाव्या वर्षी शाळा सुटलेल्या आणि ऐकायला कमी येणाऱ्या एका माजी तार कर्मचाऱ्याने.

हेविसाइड यांचा जन्म १८५० मध्ये लंडनच्या कॅम्डेन टाउनमध्ये झाला. तारयंत्राच्या जनकांपैकी एक असलेले चार्ल्स व्हीटस्टोन त्यांच्या मावशीचे यजमान. ते तारेच्याच कामात शिरले, पण १८७४ मध्ये नोकरी सोडली आणि पुन्हा कधीच केली नाही. घरी बसून मॅक्सवेल अभ्यासला आणि त्यांच्या समीकरणांना आजचे चार ओळींचे रूप दिले. (इंजिनीअरिंगला आम्ही ती मॅक्सवेल यांची म्हणूनच घोकली.) इम्पीडन्स आणि इंडक्टन्स हे शब्दही त्यांचेच.

बोर्डाशी संबंध काय?

संकेताची ऊर्जा तारेच्या आतून नव्हे, तर तारेभोवतीच्या क्षेत्रातून जाते, हे त्यांनी दाखवले. म्हणजे जाण्याच्या वाटेइतकीच परतीची वाटही महत्त्वाची. बोर्डावर संकेत एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटीमीटर जातो. त्यामुळे वेगवान आयसीसाठी काही सेंटीमीटरची रेषाही समुद्राखालच्या तारेसारखीच वागते. म्हणून रेषेखाली अखंड ग्राउंडचा थर हवा. त्यात चीर पडली, तर परतीचा प्रवाह वळसा घेतो आणि गोंगाट वाढतो. डीकपलिंग कपॅसिटरही आयसीच्या पिनला खेटून लावायचा, कारण वाट लांबली की इंडक्टन्स वाढतो. माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये तो चार सेंटीमीटर लांब होता. परीक्षकांसमोर बोर्ड सारखा रीसेट होत राहिला.

वाद कशावरून?

तारेत इंडक्टन्स वाढवला, तर दूरचे बोलणे स्पष्ट ऐकू येईल, असे हेविसाइड यांनी १८८७ मध्ये मांडले. टपाल खात्यातले वजनदार अधिकारी विल्यम प्रीस यांना ते मान्य नव्हते. बंधू आर्थर यांच्यासह लिहिलेला निबंध त्यांनी छापू दिला नाही. पुढे अमेरिकेत मायकेल पुपिन यांनी याच कल्पनेवर पेटंट घेतले आणि पैसाही त्यांनाच मिळाला.

हेविसाइड १८९१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पण चणचण सुटली नाही. अखेरची वर्षे त्यांनी टॉर्कीत एकट्याने काढली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.