आगीतून वाचलेला कोल्हापूरचा सेनानी

फेब्रुवारी १९५२. हवाई दलाचे एक छोटे 'डेव्हॉन' विमान लखनौहून दिल्लीकडे निघाले होते. आत लेफ्टनंट जनरल सत्यवंत श्रीनागेश, मेजर जनरल थिमय्या, मेजर जनरल शंकरराव थोरात आणि सैन्यातील अन्य ज्येष्ठ अधिकारी होते. वाटेत एका इंजिनाने पेट घेतला. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास यांनी शांत चित्ताने संडिल्याजवळच्या शेतात विमान उतरवले आणि सारे सुखरूप बाहेर पडले. स्वतंत्र होऊन जेमतेम साडेचार वर्षे झालेल्या देशाचे लष्करी नेतृत्व त्या दिवशी एका वैमानिकाच्या हातांवर तरून गेले. प्रवाशांपैकी श्रीनागेश आणि थिमय्या पुढे लष्करप्रमुख झाले. योगायोग असा, की श्रीनागेश यांचा जन्म कोल्हापूरचा आणि थोरात तर कोल्हापूरच्या मातीतलेच.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म १९०६ मध्ये कोल्हापूर संस्थानातील वडगावचा. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे लष्करी शिक्षण घेऊन १९२६ मध्ये ते अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आराकान आघाडीवर त्यांनी पंजाब रेजिमेंटच्या बटालियनचे नेतृत्व केले. १९४५ च्या आरंभी कांगॉच्या लढाईत थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात हे तीन भारतीय अधिकारी एकाच ब्रिगेडमध्ये आपापल्या पलटणी घेऊन लढले. या कामगिरीबद्दल तिघांनाही 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर' हा शौर्याचा सन्मान मिळाला.

संडिल्याच्या शेतातून वाचलेले हे आयुष्य लवकरच पुन्हा पणाला लागले. १९५३ मध्ये कोरियातील युद्धबंदी झाल्यावर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक कैद्यांचा सांभाळ करण्याचे नाजूक काम भारतीय फौजेवर सोपवण्यात आले. त्या फौजेचे प्रमुख थोरात होते. एकदा प्रक्षुब्ध कैद्यांनी एका भारतीय मेजरला कोंडून ठेवले. थोरात स्वतः त्या जमावात गेले आणि गोळी न झाडता आपल्या अधिकाऱ्याला सोडवून आणले. बंदुकीपेक्षा माणसांशी बोलणे त्यांना अधिक परिणामकारक वाटे. पद्मश्री आणि अशोकचक्र (वर्ग दोन) या सन्मानांनी देशाने त्यांचा गौरव केला.

१९५७ मध्ये पूर्व विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. चीनकडून आक्रमण झाल्यास ईशान्य सीमा कशी राखावी, याचा आराखडा त्यांनी १९५९ मध्ये तयार केला. हाती असलेल्या बळावर अगदी सीमेवरच लढण्याचा हट्ट धरू नये. मागे, रसद पोहोचू शकेल अशा जागी भक्कम फळी उभारावी, असे त्यांचे मत होते. मार्च १९६० मध्ये लखनौ येथे 'लाल किल्ला' या सरावात हेच धोके त्यांनी वरिष्ठांसमोर मांडले. तथापि, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना हा इशारा पटला नाही. थिमय्या यांनी आपल्या जागी थोरातांची शिफारस केली होती, पण ते पद जनरल थापर यांना मिळाले. मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी चीनचे सैन्य खाली उतरले आणि मग पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतले. तोवर उशीर झाला होता.

संडिल्यासारखे भाग्य प्रत्येक वेळी लाभत नाही. सुहास बिस्वास हे अशोकचक्र (वर्ग एक) मिळवणारे हवाई दलाचे पहिले अधिकारी ठरले, पण १९५७ मध्ये एका विमान अपघातानेच त्यांचा बळी घेतला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी पूंछजवळ हेलिकॉप्टर तारांना धडकून कोसळले. त्यात लेफ्टनंट जनरल दौलत सिंग, लेफ्टनंट जनरल बिक्रम सिंग, एअर व्हाइस मार्शल पिंटो, मेजर जनरल नानावटी, ब्रिगेडियर ओबेरॉय आणि वैमानिक सोधी मृत्युमुखी पडले. एकाच यंत्रात इतके सेनानी बसवू नयेत, हा अकरा वर्षांपूर्वीच मिळालेला धडा देशाने पुन्हा, फार मोठी किंमत मोजून गिरवला.

निवृत्तीनंतर थोरातांनी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद भूषवले. आपल्या सैनिकी आयुष्याची हकीकत त्यांनी १९८६ मध्ये इंग्रजी आत्मचरित्रात लिहून ठेवली. ऑगस्ट १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. पेटलेल्या विमानातून एका वैमानिकाने त्यांना देशासाठी वाचवले होते. वाचलेल्या त्या बुद्धीचा वेळीच उपयोग करून घेणे मात्र देशाला जमले नाही.