सोमनाथ शर्मा

मेजर सोमनाथ शर्मा (जन्म : ३१ जानेवारी १९२३, मृत्यू : ३ नोव्हेंबर १९४७, बडगाम, काश्मीर) हे भारतीय भूसेनेतील अधिकारी आणि परमवीर चक्र या सर्वोच्च युद्धशौर्य पुरस्काराचे पहिले मानकरी होते. १९४७-४८च्या भारत-पाकिस्तान युद्धात श्रीनगरच्या विमानतळाचे रक्षण करताना त्यांना वयाच्या चोविसाव्या वर्षी वीरमरण आले. हा सन्मान त्यांना मरणोत्तर देण्यात आला.

पूर्वायुष्य

सोमनाथ शर्मा यांचा जन्म आजच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा भागात एका डोगरा ब्राह्मण कुटुंबात झाला. सैनिकी पेशाची परंपरा त्यांच्या घरातच होती. वडील अमरनाथ शर्मा हे लष्करी डॉक्टर होते व पुढे मेजर जनरल पदापर्यंत पोहोचले. सोमनाथ यांचे धाकटे बंधू विश्वनाथ शर्मा हे १९८८ ते १९९० या काळात भारताचे भूसेनाप्रमुख होते. दुसरे बंधू सुरिंदरनाथ हेही सैन्यात लेफ्टनंट जनरल झाले.

सोमनाथ यांचे शिक्षण नैनितालच्या शेरवूड कॉलेजात व देहरादूनच्या लष्करी विद्यालयात झाले. लहानपणी आजोबांकडून ऐकलेल्या भगवद्गीतेच्या शिकवणुकीचा त्यांच्यावर ठसा उमटला होता, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. त्यांचे मामा कॅप्टन कृष्णदत्त वासुदेव हे दुसऱ्या महायुद्धात मलायामध्ये जपानी सैन्याशी लढताना मारले गेले. या घटनेचा सोमनाथ यांच्या मनावर खोल परिणाम झाला.

लष्करी कारकीर्द

२२ फेब्रुवारी १९४२ रोजी सोमनाथ यांची १९व्या हैदराबाद रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमध्ये अधिकारी म्हणून नियुक्ती झाली. मामांचीही रेजिमेंट हीच होती. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रह्मदेशातील आराकान आघाडीवर जपानी सैन्याविरुद्ध भाग घेतला. तेथे पुढे भूसेनाप्रमुख झालेले के. एस. थिमय्या हे त्यांचे वरिष्ठ होते. या मोहिमेतील कामगिरीबद्दल सोमनाथ यांचा युद्धवृत्तात गौरवपूर्वक उल्लेख झाला. १९४५ मध्ये या रेजिमेंटचे कुमाऊँ रेजिमेंट असे नामांतर झाले. स्वातंत्र्यानंतर सोमनाथ तिच्या चौथ्या बटालियनमध्ये डेल्टा कंपनीचे प्रमुख होते.

काश्मीरमधील युद्ध

२२ ऑक्टोबर १९४७ रोजी पाकिस्तानातून आलेल्या सशस्त्र टोळ्यांनी जम्मू-काश्मीर संस्थानात आक्रमण केले. मुझफ्फराबाद व बारामुल्ला घेऊन त्या श्रीनगरच्या दिशेने सरकल्या. २६ ऑक्टोबर रोजी महाराजा हरिसिंह यांनी भारतात विलीन होण्याच्या करारावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून भारतीय तुकड्या डाकोटा विमानांनी श्रीनगरला उतरू लागल्या. खोऱ्यात जाणारा मुख्य रस्ता बारामुल्लावरून, म्हणजे शत्रूच्या ताब्यातील प्रदेशातून जात होता. बनिहाल खिंडीचा मार्ग अवघड होता. त्यामुळे सैन्य, दारूगोळा व रसद पोहोचवण्यासाठी विमानतळ हाच खरा आधार होता. तो हातचा गेला असता, तर उतरलेल्या तुकड्यांना कुमक मिळणे बंद झाले असते आणि श्रीनगर वाचवणे जवळजवळ अशक्य ठरले असते.

डेल्टा कंपनीला काश्मीरला जाण्याचा आदेश मिळाला, तेव्हा हॉकी खेळताना झालेल्या दुखापतीमुळे सोमनाथ यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. त्यांना मागे राहण्याचा सल्ला देण्यात आला. मात्र आपल्या जवानांबरोबर जाण्याचा आग्रह धरून त्यांनी परवानगी मिळवली.

बडगामची लढाई

३ नोव्हेंबर १९४७ रोजी विमानतळाजवळच्या बडगाम परिसरात शत्रूचा माग काढण्यासाठी गस्ती तुकड्या पाठवण्यात आल्या. सकाळी शत्रूची हालचाल न दिसल्याने इतर तुकड्या दुपारी परतू लागल्या. सोमनाथ यांची कंपनी मात्र तेथेच थांबली. दुपारी अडीचच्या सुमारास गावातील घरांतून गोळीबार सुरू झाला. निरपराध गावकरी मारले जातील म्हणून सोमनाथ यांनी त्या दिशेला गोळीबार करणे टाळले. थोड्याच वेळात सुमारे ७०० हल्लेखोरांनी मॉर्टरच्या माऱ्यासह कंपनीवर चाल केली. कंपनी तीन बाजूंनी वेढली गेली.

आपण मागे हटलो तर विमानतळाचा मार्ग मोकळा होईल, हे सोमनाथ यांना स्पष्ट दिसत होते. भडिमार चालू असताना ते उघड्या मैदानातून एका मोर्चाकडून दुसऱ्या मोर्चाकडे धावत जवानांना धीर देत राहिले. भारतीय विमानांना शत्रूचे ठिकाण कळावे म्हणून त्यांनी कापडी पट्टे जमिनीवर अंथरले. जवान मोठ्या संख्येने पडू लागल्यावर हलक्या मशीनगनना काडतुसे पुरवणारे हात अपुरे पडले, तेव्हा प्लास्टरमधल्या हाताने ते स्वतः मॅगझिन भरून देऊ लागले. शत्रू अगदी जवळ येऊन ठेपला असून आपली संख्या फार कमी आहे, तरीही शेवटचा जवान व शेवटची गोळी असेपर्यंत लढत राहू, असे त्यांनी ब्रिगेडच्या मुख्यालयाला कळवले. त्यानंतर थोड्याच वेळात त्यांच्याजवळच्या दारूगोळ्यावर मॉर्टरचा गोळा पडून स्फोट झाला आणि त्यांचा मृत्यू झाला.

नेता पडल्यावरही जवानांनी झुंज सोडली नाही. हल्लेखोर सुमारे सहा तास अडकून पडले आणि त्या अवधीत विमानतळाच्या रक्षणासाठी कुमक पोहोचली. या लढाईत सोमनाथ यांच्यासह एक कनिष्ठ अधिकारी व २० जवान मृत्युमुखी पडले. हल्लेखोरांचीही मोठी हानी झाली. ७ नोव्हेंबर रोजी शालटेंगच्या लढाईत भारतीय सैन्याने टोळ्यांचा निर्णायक पराभव केला आणि लगेच बारामुल्ला परत मिळवले.

सोमनाथ यांचा मृतदेह तीन दिवसांनी सापडला. पिस्तुलाचे चामडी म्यान आणि खिशातील भगवद्गीतेची पाने यांवरून त्याची ओळख पटवण्यात आली.

सन्मान व स्मृती

परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली व ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आले. २१ जून १९५० रोजी सोमनाथ शर्मा यांना ते मरणोत्तर जाहीर झाले. या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली होती. जन्माने युरोपीय असलेल्या सावित्रीबाई या मराठी सेनाधिकारी विक्रम खानोलकर यांच्या पत्नी होत्या. सावित्रीबाईंची कन्या ही सोमनाथ यांच्या भावाची पत्नी होती, हा एक योगायोगच म्हणावा लागेल. याच युद्धातील पराक्रमासाठी कारवार भागातील रामा राघोबा राणे यांनाही परमवीर चक्र मिळाले.

भारतीय नौवहन महामंडळाच्या एका तेलवाहू जहाजाला सोमनाथ यांचे नाव देण्यात आले. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान व निकोबारमधील २१ अनामिक बेटांना परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावे देण्यात आली, त्यांपैकी सर्वांत मोठे बेट सोमनाथ शर्मा यांच्या नावाने ओळखले जाते.