अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन होमी भाभांना कचरा का वाटत नव्हतं?

अणुभट्टीतून वापरलेलं इंधन बाहेर काढलं, की खरी डोकेदुखी सुरू होते. ते इतकं तापलेलं आणि किरणोत्सारी असतं, की आधी बराच काळ पाण्याच्या खोल टाकीत ठेवावं लागतं. हलवायचं तर जाड भिंतींच्या, कित्येक टन वजनाच्या पिंपातून.

डॉ. होमी भाभांचा अख्खा आराखडा याच इंधनावर उभा होता. 1909 मध्ये मुंबईत जन्मलेले भाभा केंब्रिजला गेले इंजिनीअरिंगसाठी, रमले भौतिकशास्त्रात. 1939 मध्ये सुटीवर आले, महायुद्ध पेटलं आणि इथेच राहिले. देशात युरेनियम कमी, केरळच्या वाळूत थोरियम भरपूर. म्हणून वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढायचं, ते पुढच्या भट्टीत घालायचं आणि शेवटी थोरियमकडे वळायचं, असे तीन टप्पे त्यांनी आखले.

ट्रॉम्बेत 1960 मध्ये सायरस भट्टी सुरू झाली. 1964 मध्ये त्याच परिसरात पुनर्प्रक्रिया प्रकल्प. त्यामुळे हे इंधन मुंबईच्या रस्त्यांवर आणावंच लागलं नाही. (सायरसचंच प्लुटोनियम पुढे 1974 च्या पोखरण चाचणीत वापरलं गेलं.)

तारापूरला मात्र हे जमलं नाही. 1963 च्या करारामुळे तिथल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायला अमेरिकेची संमती लागत होती. त्यावरून वाद झाला आणि इंधन वर्षानुवर्षं टाक्यांतच साठत राहिलं. तारापूरच्या भट्ट्या सुरू झाल्या 1969 मध्ये. भाभा त्याआधीच, 24 जानेवारी 1966 रोजी, माँ ब्लाँजवळच्या विमान अपघातात गेले होते.