शेरलॉक होम्सचा लेखक बायकोच्या टीबीसाठी दावोसला गेला आणि इंग्रजांना स्कीइंगची वाट दाखवून आला

दावोस म्हटलं की आपल्याला काय आठवतं? जानेवारीत भरणारी जागतिक आर्थिक परिषद, बर्फात उभं राहून बाईट देणारे मंत्री आणि महाराष्ट्रात अमुक लाख कोटींची गुंतवणूक येणार अशा बातम्या.

पण ही परिषद दावोसला भरायला लागली १९७१ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून स्वित्झर्लंडमधलं हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होतं. आधी क्षयरोगासाठी, मग स्कीइंगसाठी. म्हणजे एकेकाळी तिथे लोक बरं व्हायच्या आशेने यायचे आणि पुढे बर्फावरून घसरायला यायला लागले.

हा बदल होत असताना तिथे एक फार मोठा लेखक राहत होता. सर आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्सचा जन्मदाता. त्याने दावोसच्या डोंगरात काय केलं हे कळायला आधी तो तिथे का गेला होता ते बघावं लागतं.

टीबीवरचं औषध बघायला बर्लिन गाठलं

डॉयलचा जन्म २२ मे १८५९ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबराचा. शिक्षण डॉक्टरकीचं. १८८२ पासून तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोर्ट्समथजवळच्या साउथसी इथे दवाखाना चालवत होता. १८८५ मध्ये त्याचं लुईझ हॉकिन्सशी लग्न झालं. १८८७ मध्ये होम्सची पहिली कादंबरी आली, पण तेव्हा तिची फारशी चर्चा झाली नाही.

१८९० च्या नोव्हेंबरमध्ये बातमी आली की, जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना क्षयरोगावर औषध सापडलंय. कॉख म्हणजे साधं नाव नव्हतं. क्षयाचा जंतू त्यांनीच १८८२ मध्ये शोधला होता. युरोपभरातून डॉक्टर आणि रुग्ण बर्लिनकडे निघाले. डॉयलसुद्धा सगळं सोडून गाडीत बसला.

बर्लिनमध्ये त्याला व्याख्यानाचा पास मिळाला नाही. मग त्याने एका अमेरिकन डॉक्टरकडून व्याख्यानाच्या नोंदी मिळवल्या, वॉर्डातले रुग्ण बघितले आणि त्याच्या लक्षात आलं की, हे औषध अजून कच्चं आहे. सगळे आनंदात असताना त्याने इंग्लंडमधल्या वर्तमानपत्राला तसं कळवलं.

तो बरोबर निघाला. कॉख यांच्या ट्युबरक्युलिनने क्षय बरा होत नव्हता. पुढे ते निदानासाठी वापरात आलं. आज आपल्याकडे हातावर सुई टोचून जी मॉन्टू टेस्ट करतात, तिचं मूळ तिथेच आहे.

म्हणजे क्षयरोगावर औषध नाही, हे डॉयलला इतरांपेक्षा जास्त चांगलं माहिती होतं. तीनच वर्षांत हा आजार त्याच्या घरात आला.

१८९३ : सगळं एकाच वर्षात

मधल्या काळात डॉयलचं नशीब पालटलं होतं. १८९१ पासून स्ट्रँड मासिकात होम्सच्या कथा छापून यायला लागल्या आणि तो इंग्लंडमधला सगळ्यात लोकप्रिय लेखक झाला. दवाखाना बंद करून तो पूर्णवेळ लिहायला लागला.

पण होम्समुळे आपलं गंभीर लेखन मागे पडतंय असं त्याला वाटत होतं. शेवटी त्याने होम्सला संपवायचं ठरवलं. डिसेंबर १८९३ च्या अंकात होम्स स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्यात पडला. वाचक भडकले. वीसेक हजार लोकांनी मासिकाची वर्गणी बंद केली असं सांगितलं जातं.

बाहेर हा गोंधळ सुरू असताना घरात मात्र वेगळंच चाललं होतं. त्याच वर्षी लुईझला क्षयरोग असल्याचं निदान झालं होतं. डॉक्टरांच्या मते तिच्याकडे काही महिनेच उरले होते. मुलगी चार वर्षांची, मुलगा जेमतेम एक वर्षाचा. ऑक्टोबरमध्ये डॉयलचे वडीलही गेले.

स्वतः डॉक्टर असलेल्या नवऱ्याला बायकोचा आजार आधी कसा कळला नाही, हा प्रश्न त्याच्या चरित्रकारांनी पुढे विचारला आहे. निदान झाल्यावर मात्र त्याने वेळ घालवला नाही. तो लुईझला घेऊन दावोसला गेला.

दावोसलाच का?

आपल्याकडे आजारी माणसाला हवापालटासाठी डोंगरावर न्यायची पद्धत होती. युरोपातही तेच. जीवाणू मारणारं औषध नसल्याने हवा, आहार आणि विश्रांती एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं.

दावोस समुद्रसपाटीपासून जवळपास १,५६० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा कोरडी आणि हिवाळ्यातही ऊन भरपूर. अलेक्झांडर श्पेंगलर नावाच्या जर्मन डॉक्टरच्या लक्षात आलं की, इथल्या गावकऱ्यांमध्ये क्षय फारसा दिसत नाही. १८६५ च्या हिवाळ्यात तिथे पहिले रुग्ण आले. रुग्णांनी घोंगड्या पांघरून तासन् तास उघड्या गच्चीत पडून राहायचं, हा तिथला नेहमीचा उपचार झाला. १८९० मध्ये रेल्वेही पोहोचली.

'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनही छातीच्या दुखण्यासाठी दावोसला राहिला होता आणि ती कादंबरी त्याने तिथेच पूर्ण केली.

डॉयल मात्र धडधाकट होता. वय ३४, क्रिकेट आणि फुटबॉल खेळलेला, बॉक्सिंग करणारा माणूस. बायको आजारी, आजूबाजूला सगळे खोकणारे लोक आणि बाहेर कित्येक फूट बर्फ. लिहिण्याचं काम सुरू होतं, 'द स्टार्क मन्रो लेटर्स' हे पुस्तक त्याने दावोसमध्येच लिहिलं. पण दिवसभर टेबलाशी बसून राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

नॉर्वेहून मागवलेल्या फळ्या

नॉर्वेचा शोधप्रवासी फ्रित्योफ नॅन्सेन याने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलँड पार केलं होतं. त्याचं पुस्तक डॉयलने वाचलं होतं. नॉर्वेत स्की ही रोजच्या वापरातली गोष्ट होती. आल्प्समध्ये मात्र हिवाळ्यात डोंगराकडे फारसं कुणी फिरकत नसे. डॉयलने नॉर्वेहून स्की मागवल्या.

तेव्हाची स्की म्हणजे आठ फूट लांब आणि चार इंच रुंद लाकडी फळी. पुढचं टोक वर वळलेलं आणि मधोमध बूट अडकवायला पट्टे. टाच नीट धरून ठेवणारी आजच्यासारखी पकड नाही, चढावर नेणारी लिफ्ट नाही आणि शिकवायला शाळा तर नाहीच.

शिकवणारे भेटले ते दावोसचेच दोन भाऊ, टोबियास आणि योहान ब्रांगर. या दोघांनी आधीच स्की आणून सराव सुरू केला होता. पण पायाला फळ्या बांधून पडणारे हे दोघे बघून गावकरी इतके हसायचे की, त्यांना अंधार पडल्यावर सराव करावा लागायचा. मार्च १८९३ मध्ये त्यांनी दावोसहून पलीकडच्या खोऱ्यातलं आरोसा गाव स्कीवरून गाठून दाखवलं होतं.

डॉयलही भरपूर आपटला. स्की आपल्या मर्जीने चालतात आणि नेमक्या लोकांसमोर दगा देतात, असं त्याने पुढे गमतीत लिहिलं. पण त्याने सोडलं नाही. ब्रांगर भावांबरोबर त्याने दावोससमोरचा याकोब्सहॉर्न चढला. हा डोंगर जवळपास २,६०० मीटर उंच. ते वर पोहोचले तेव्हा खाली गावातले झेंडे सलामीसाठी झुकवले गेले, अशी आठवण त्याने नोंदवून ठेवली आहे.

२३ मार्च १८९४

मग ठरला खरा बेत. दावोसहून मायेनफेल्डर फुर्का ही सुमारे २,४४० मीटर उंचीची खिंड ओलांडून आरोसाला जायचं.

पहाटे चारच्या आधी तिघेही उठले. साडेचारला निघून फ्राउएनकिर्श या वस्तीकडे गेले आणि तिथून चढण सुरू केली. आकाशात चंद्र होता. बर्फ इतका टणक होता की सुरुवातीला स्की खांद्यावर घेऊन चालावं लागलं.

खिंड ओलांडल्यावर उताराची मजा सुरू झाली, पण एका ठिकाणी उतार फारच उभा निघाला. ब्रांगर भावांनी आपापल्या स्की एकत्र बांधल्या, त्यावर बसले आणि घसरगाडीसारखे खाली गेले. डॉयल तसंच करायला गेला तर त्याच्या स्की त्याला मागे ठेवून एकट्याच खाली निघून गेल्या. मग काय, साहेब पँटवर बसून घसरत उतरले. हे कापड कधी फाटत नाही असं शिंप्याने सांगितलं होतं, ते काही खरं नाही, अशी टिप्पणी त्याने नंतर केली.

साडेअकराला तिघे आरोसात होते. हे लोक एक वाजण्याआधी काही येत नाहीत, असा तिथल्या लोकांचा हिशोब होता. त्यामुळे गावकरी त्यांना खिंडीतून उतरताना बघायला बाहेर पडले तेव्हा डॉयलचं हॉटेलात जेवण उरकत आलं होतं.

हॉटेलच्या रजिस्टरमध्ये टोबियासने त्याचं नाव लिहिलं. व्यवसायाच्या रकान्यात ना लेखक लिहिलं, ना डॉक्टर. त्याने लिहिलं, खेळाडू. डॉयलला ते भलतंच आवडलं.

मग स्कीइंग डॉयलने आणलं का?

शेरलॉक होम्सच्या लेखकाने स्वित्झर्लंडमध्ये स्कीइंग आणलं, अशा पोस्ट सोशल मीडियावर फिरत असतात. ते खरं नाही. स्की त्याच्या आधीच तिथे पोहोचल्या होत्या आणि आरोसाची खिंडही ब्रांगर भावांनी वर्षभर आधीच पार केली होती.

गंमत म्हणजे या गैरसमजाला डॉयलचाही हातभार आहे. १९२४ मधल्या आत्मचरित्रात त्याने दावोसच्या भागात स्की आपण आणल्याचं श्रेय घेतलं. पण १८९४ चा त्याचा लेख बघितला तर त्यात ब्रांगर भावांचा सराव आणि त्यांची आधीची मोहीम, दोन्हींचा उल्लेख आहे.

मग त्याने नेमकं केलं काय? त्याने ते लिहिलं. डिसेंबर १८९४ च्या स्ट्रँड मासिकात खिंडीच्या प्रवासावर त्याचा लेख आला. ज्या मासिकात वर्षभरापूर्वी होम्स मेला होता, त्याच मासिकात त्याचा लेखक बर्फात आपटत होता आणि वाचक हसत होते. एक दिवस शेकडो इंग्रज स्कीइंगसाठी स्वित्झर्लंडला येतील, असा अंदाजही त्याने त्या लेखात केला होता.

तोवर इंग्रज वाचकासाठी दावोसचा हिवाळा म्हणजे आजारपण. तिथे मजेसाठीही जाता येतं, हे इतक्या लोकप्रिय लेखकाने सांगणं ही मोठी गोष्ट होती. ब्रांगर भावांनी वाट काढली आणि डॉयलने ती घराघरात पोहोचवली.

लुईझचं काय झालं?

डॉक्टरांनी काही महिने दिले होते. लुईझ आणखी तेरा वर्षं जगली.

हे दावोसच्या हवेमुळेच झालं असं म्हणता येत नाही, कारण क्षय प्रत्येकात वेगळ्या वेगाने वाढतो. पण डॉयलने प्रयत्न सोडले नाहीत. १८९५ च्या हिवाळ्यात तो तिला इजिप्तच्या कोरड्या हवेत घेऊन गेला. इंग्लंडमध्ये हाइंडहेडची हवा चांगली आहे असं कळल्यावर तिथे मोठं घर बांधलं.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. १८९७ मध्ये डॉयलची जीन लेकीशी ओळख झाली आणि तो तिच्या प्रेमात पडला. लुईझ जिवंत असेपर्यंत हे नातं मर्यादेत ठेवल्याचं तो सांगत राहिला. ४ जुलै १९०६ ला लुईझ गेली. पुढच्या वर्षी त्याने जीनशी लग्न केलं.

लुईझच्या मृत्यूनंतर खचलेल्या डॉयलला पुन्हा उभं केलं ते एका खऱ्या केसने. शापुरजी एडलजी हे मूळचे मुंबईचे पारशी, इंग्लंडमध्ये पाद्री झालेले. त्यांचा वकील मुलगा जॉर्ज याला जनावराला जखमी केल्याच्या आरोपात शिक्षा झाली होती. इतकी अधू नजर असलेला माणूस रात्री शेतात जाऊन हे करू शकत नाही, हे डोळ्यांचा अभ्यास केलेल्या डॉयलने दाखवून दिलं आणि १९०७ मध्ये जॉर्जला त्या आरोपातून माफी मिळाली.

डॉयल ७ जुलै १९३० ला वारला. चारच वर्षांनी याकोब्सहॉर्नच्या पायथ्याशी बोल्गन इथे स्की करणाऱ्यांना उतारावर ओढून नेणारी लिफ्ट सुरू झाली. क्षयावर गुणकारी ठरलेलं पहिलं प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला मात्र १९४३ उजाडलं. तोपर्यंत लुईझला जाऊन ३७ वर्षं झाली होती.

औषध आल्यावर दावोसच्या आरोग्यधामांची गरज संपत गेली आणि त्यातल्या काहींची हॉटेलं झाली. ज्या गच्च्यांमध्ये रुग्ण घोंगड्या पांघरून पडून असायचे, तिथे बसून आता लोक समोरच्या उतारावरचं स्कीइंग बघतात.