कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

ज्ञानाच्या उपासनेस मोठी पदवी, मोठें शहर व मोठा ग्रंथसंग्रह यांवांचून गत्यंतर नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. देवळालीचे शिक्षक कै. कापरेकर यांचें चरित्र हा समज खोटा ठरवितें.

त्यांचा जन्म १९०५ मध्यें समुद्रकांठच्या डहाणू गांवीं झाला. आठव्या वर्षीं मातेचें छत्र हरपलें. वडील कारकून होते व त्यांस ज्योतिषाचा नाद होता. ठाण्यास शालेय शिक्षण घेऊन दत्तात्रय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गेले. १९२७ मध्यें त्यांस रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें व १९२९ मध्यें ते पदवीधर झाले. त्यापुढील शिक्षण त्यांस लाभलें नाहीं. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनीं देवळालीस मुलांस शिकविलें.

डोंबिवली स्टेशनावर सुचलेल्या एका संख्यासमूहास त्यांनीं ‘डेम्लो संख्या’ असें नांव दिलें. नुसत्या एकांनीं बनलेल्या संख्यांचे वर्ग हें त्यांतील मनोहर उदाहरण होय. १११ चा वर्ग १२३२१. नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. परंतु याच एकांच्या संख्यांचे अवयव पाडूं लागलें कीं त्यांचें गूढ प्रकट होतें. १११ म्हणजे ३ गुणिलें ३७ आणि १११११ म्हणजे ४१ गुणिलें २७१. ११ ही मूळसंख्या आहे. तिच्यानंतर एकदम एकोणीस एकांची प्रचंड संख्या अविभाज्य निघते, मग तेवीस एकांची, आणि त्यापुढील थेट ३१७ एकांची! १०३१ एकांची संख्याही मूळसंख्या असल्याची सिद्धता १९८६ मध्यें प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं कापरेकरांनीं इहलोक सोडला.

कोणत्याही संख्येंत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली असतां नवी संख्या जन्मते. २१ पासून २४. ज्या संख्येस असा जनक नाहीं तिला त्यांनीं ‘स्वयंभू’ म्हटलें. ५३ व ९७ या मूळसंख्या अशाच स्वयंभू आहेत. ६१७४ या संख्येचा त्यांचा शोध तर जगभर गाजला. चार अंकी संख्या घ्यावी. सर्व अंक सारखे मात्र नसावेत. अंकांची उतरती मांडणी करून तींतून चढती वजा करावी व उत्तरावर तीच क्रिया पुनः करावी. ३५२४ पासून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४! सात पायऱ्यांच्या आंत प्रत्येक संख्या येथेंच येऊन विसावते.

अनेक पंडितांस हे शोध पोरखेळ वाटले. कापरेकरांनीं रोष धरला नाहीं. ते पुस्तिका स्वतः छापवीत राहिले. निवृत्तिवेतन अपुरें पडल्यानें त्यांस शिकवण्या कराव्या लागल्या. १९६६ मध्यें पत्नीही निवर्तली. तरी अंकांचा संग सुटला नाहीं. अखेर १९७५ मध्यें अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं त्यांच्या कार्यावर लिहिलें आणि देवळालीच्या मास्तरांचें नांव सर्वत्र झालें.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशांतील विद्यार्थिबंधूंनो व भगिनींनो, वरील वजाबाकीस पाटी व पेन्सिल पुरेशी आहे. ईश्वरानें दिलेलें लहानसें दान मातींत पुरून न ठेवतां, या निगर्वी शिक्षकाप्रमाणें तें वाढविणें आपल्या हातीं आहे.