मॅक्सवेलचा भोवरा आणि मोबाइलचा पडदा

नवजात बाळ पिवळे दिसते का, हे विचारायला हल्ली नातेवाईक थेट फोटो पाठवतात. मागे असाच एक फोटो माझ्या मोबाइलवर साधारण वाटला. बाळाला बोलावून रक्त तपासले, तेव्हा कावीळ चांगलीच वाढलेली निघाली. पडद्यावरचा रंग कितपत खरा मानायचा? या प्रश्नाच्या मुळाशी जेम्स क्लर्क मॅक्सवेल आहे.

त्याचा जन्म १८३१ मध्ये एडिंबरोचा. आठ वर्षांचा असताना आई पोटाच्या कर्करोगाने गेली. वीज आणि चुंबकत्व एका सूत्रात बांधणारा म्हणून जग त्याला ओळखते, पण तरुणपणी त्याच्या हाती एक भोवरा होता. त्यावर लाल, हिरव्या, निळ्या कागदांच्या चकत्या एकमेकींत सरकवून तो फिरवी. कुठला रंग किती घेतला की कोणता रंग दिसतो, हे त्याने १८५५ मध्ये आकड्यांत मांडले. थॉमस यंग या डॉक्टरने सुचवलेल्या तीन रंगांच्या कल्पनेला असा मोजमापाचा आधार मिळाला. काही रंगांध व्यक्तींना जुळणीसाठी दोनच रंग पुरतात, हेही त्याला आढळले.

पुढे त्याने प्रकाश मिसळणारी पेटी बनवली. पत्नी कॅथरीनही तीत पाहून नोंदी करी. दोघांच्या नोंदी तंतोतंत जुळत नसत. म्हणजे दोन निरोगी माणसेही एकच रंग किंचित वेगळा पाहतात.

१८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने एका रंगीत फितीचे चित्र दाखवले. थॉमस सटनने लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून वेगवेगळे फोटो घेतले होते; ते त्याच रंगांच्या प्रकाशात एकावर एक पाडले. गंमत अशी, की त्या काळच्या काचेला लाल प्रकाश जवळजवळ उमटतच नसे. फितीच्या लाल भागातून परतलेल्या अतिनील किरणांनी काम भागवले होते, हे शंभर वर्षांनी कळले. चित्र पटले, पण लाल रंग योगायोगाने आला होता!

१८७९ मध्ये, अवघ्या ४८ व्या वर्षी, आईच्याच आजाराने मॅक्सवेल गेला.

आज मोबाइलचा प्रत्येक ठिपका त्याचेच तीन रंग मिसळतो. मात्र प्रत्येक पडद्याचे प्रमाण वेगळे, आणि पांढरे कशाला म्हणायचे याचा अंदाज कॅमेरा स्वतःच बांधतो. म्हणून पुरळ, जखम किंवा कावीळ दाखवायची असेल, तर फोटो दिवसाच्या उजेडात काढा, शेजारी पांढरा कागद ठेवा आणि फिल्टर लावू नका. पाहणाऱ्याने नाइट मोड बंद करावा. आणि बाळ पिवळे वाटत असेल, दूध ओढत नसेल किंवा सुस्त असेल, तर फोटोच्या उत्तराची वाट पाहू नका. बाळालाच घेऊन या.