ओवीकार गुरुवर्य फादर थॉमस स्टीफन्स

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आमच्या वरूडच्या धर्मबंधुभगिनींसमोर, विशेषतः विद्यार्थ्यांसमोर, कोणाचें चरित्र ठेवावें असा विचार करितां आम्हांस प्रथम आठवले ते फादर थॉमस स्टीफन्स. मुलांकडून प्रार्थना पाठ करून घेणें निराळें आणि ती त्यांच्या अंतःकरणांत उतरविणें निराळें, हा भेद त्यांनीं पुरता ओळखला होता.

त्यांचा जन्म इंग्लंडांत विल्टशायर परगण्यांत १५४९ च्या सुमारास झाला. त्या काळीं तेथें कॅथलिक उपासनेस कायद्यानें बंदी होती. स्वदेश सोडून ते रोमास गेले आणि १५७५ सालीं येशूसंघांत प्रविष्ट झाले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं ते गोव्यास पोहोंचले व पुढील चाळीस वर्षें बहुतांशीं साष्टी प्रांतांतच त्यांनीं वेचिलीं. तेथील येशूसंघीय विद्यालयाचे ते रेक्टरही होते.

साष्टींतील नवख्रिस्ती मुलें प्रश्नोत्तरांनीं धर्मशिक्षण घेत. पण ज्या कथा व गाणीं ऐकत त्यांच्या घरचीं माणसें वाढलीं, त्यांवर राज्यकर्त्यांनीं बंदी घातली होती. उत्तरें पाठ होत, मन मात्र उपाशी राही. फादर स्टीफन्स यांनीं आपल्या ग्रंथारंभीं असाच प्रसंग घातला आहे. धर्मशिक्षण चाललें असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठतो आणि जुन्या पुराणांच्या जागीं आम्हांस दुसरें पुराण कां देत नाहीं, असें पाद्री-गुरूंस विनयानें विचारतो. त्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे सुमारें ११ हजार ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’. सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभु येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यांनीं मराठी ओवींत गाइली. हा ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापला गेला. परदेशी मनुष्यानें आधीं स्वतः विद्यार्थी होऊन आमची भाषा शिकावी आणि मगच गुरुपद घ्यावें, ही नम्रता थोर होय.

१६१९ सालीं गोव्यांत ते प्रभूच्या ठायीं विसावले. त्यांची कोंकणी धर्मशिक्षणाची पुस्तिका १६२२ सालीं आणि कोंकणी व्याकरण १६४० सालीं, दोन्ही त्यांच्या पश्चात् निघालीं. पुराण मंगळुरास १९०७ सालीं पुन्हां छापलें गेलें आणि १९५६ सालीं पुण्यास देवनागरींत आलें.

वाचकहो, शेजारच्या मोर्शी तालुक्यांतील रिद्धपुरीं तेराव्या शतकांतच मराठींत भक्तिग्रंथ रचले गेले. देवाविषयीं मराठींत बोलणें या मातीस नवें नाहीं. मग आमच्या मुलांची प्रार्थना पाठांतरापुरतीच कां राहावी? परीक्षेंत धर्मशिक्षणाचे गुण मिळतील; पण संत्र्याच्या बागेंत वडिलांसोबत पाणी देतांना, वा आजीच्या आजारपणांत उशाशीं बसतांना, मुलाच्या तोंडीं देवाशीं बोलावयास स्वतःचे शब्द आले, तरच आमचें शिकविणें फळास आलें. शिक्षकांनीं व आईबापांनीं रोज एक कथा सांगावी, एक भक्तिगीत सोबत बसून गावें. त्या ओवीकार गुरूंचें ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाहीं. प्रभु आमच्या बालकांस तो लाभ देवो.